बसलेली पाखरं

आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणारी आम्ही चार-पाच रिटायर माणसं आहोत. एक बँकेतून रिटायर, एक वीज मंडळातून, एक जिल्हा परिषदेतून. नवीन कोणी जोडीला आलं की विचारतं, "अन् तुम्ही कुठून रिटायर?" मी म्हणतो, "समुद्रातून." तो माणूस इतरांकडे पाहतो आणि इतर हसतात. अमरावतीच्या माणसाला समुद्र म्हणजे लग्न झाल्यावर एकदा बायकोला दाखवून आणायची वस्तू. त्यावर कोणी नोकरी केली, हे काही त्याला पटत नाही. मग मीही चिडतो आणि सांगायला लागतो, आणि ते लेकाचे मुद्दाम विचारतात म्हणजे मी चिडावं. आज लिहूनच टाकतो.

मी मोर्शीजवळचा. वडील धरणावर मासेमारी करत. धरण झालं तेव्हा नदीकाठची गावं पाण्यात गेली, त्यांच्या बाभळी पाण्यात उभ्याच राहिल्या. मी अमरावतीला आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिकचं. तिथून ओळखीच्या एका माणसाने कोकणात बोटींच्या इंजिनाच्या कामाला नेलं. वर्कशॉपात वर्षभर इंजिनं उघडली-बसवली आणि मग एका बोटीचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून मला "दोन दिवस चल" म्हणाले. ते दोन दिवस माझं अर्धं आयुष्य झालं.

आमची बोट मोठ्या गोल जाळ्याची. मासा शोधायचा, त्याच्या थव्याभोवती बोट फिरवत जाळ्याचं रिंगण टाकायचं आणि खालून दोर ओढून पिशवीच्या नाडीसारखं आवळायचं. टाकायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो शोधायला. दिवसचे दिवस बोट नुसती चालते. इंजिनाचा एकच सूर, वर ऊन, चारी बाजूंना पाणी, आणि एक माणूस डोलकाठीवरच्या लोखंडी पिंजऱ्यात बसून पाहत राहतो. काय पाहतो, तर काहीच नाही. हेच लोकांना समजावून सांगता येत नाही. काहीच नसलेल्या पाण्याकडे इतका वेळ पाहायचं, की त्यात थोडं काही वेगळं झालं तर ते आपोआप डोळ्यांना टोचलं पाहिजे.

मी तिथं चढलो तो उकाड्यामुळे. इंजिनाच्या खोलीत जीव गुदमरायचा. जोडीला दुसरा ड्रायव्हर होता, त्याच्यावर सोपवून मी वर जाऊन बसायचो. पहिल्याच आठवड्यात मला पाण्यावर एक लहर दिसली. वारा आमच्या पाठीमागून होता, सगळ्या बारीक लाटा पुढे चालल्या होत्या, आणि ही एक लहर उलटी आमच्याकडे येत होती. तुरीच्या शेतात वारा एका बाजूने असावा आणि मधल्याच दोन ओळी दुसरीकडे हलाव्या, तेव्हा समजायचं की आत डुक्कर आहे. मी ओरडलो आणि बोट दाखवलं.

खालून आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य, गुणाजीकाका असे काही ओरडले की मी हात मागे घेतला. "बोट दाखवू नको. बोट दाखवलंस की मासो खाली जाता." आणि खरंच मासा खाली गेला. तो माझ्या बोटामुळे गेला की त्यांच्या ओरडण्यामुळे, हे मी कधी विचारलं नाही. त्या बोटीवर माशाकडे बोट दाखवायचं नाही, उघडा तळहात दाखवायचा, जेवायला या म्हणताना दाखवतो तसा. पुढे मला ती सवय इतकी लागली की अमरावतीला बसस्टँडवर कोणी पत्ता विचारला तरी मी तळहातच पुढे करायचो, आणि माणूस त्यात काही ठेवायचं आहे का म्हणून पाहायचा.

पण काकांनी त्या दिवशी संध्याकाळी जाळी आवरल्यावर मला विचारलं, "वऱ्हाड्या, तुका त्या दिसला कसा?" मी तुरीचं सांगितलं. त्यांनी तूर कधी शेतात उभी पाहिली नव्हती. ते फक्त "हूं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पिंजरा माझा झाला.

त्यांनी मला काय शिकवलं, ते थोडक्यात सांगतो. किनाऱ्याचं पाणी मातकट, त्यापुढे हिरवं, त्यापुढे निळं. हिरवं आणि निळं जिथं मिळतं तिथं एक शीव असते, अगदी दोन वावरांमधल्या धुऱ्यासारखी, आणि मोठा मासा त्या शिवेवर फिरतो. तारलीचा थवा वर आला की पाण्यावर पावसाचा शिडकावा पडल्यागत दिसतं, आभाळ कोरडं असतं तरी. बांगडा खोल असला तर ढगाची सावली पडल्यासारखा काळसर डाग दिसतो. मग वर पाहायचं. ढग नसेल तर ती सावली नाही. पाखरं घिरट्या घालत असतील तर मासा खाली आहे, वाट पाहा. पाखरं सुया टाकल्यासारखी पाण्यात पडत असतील तर मोठ्या माशाने लहान मासा वर ढकलला आहे, बोट पळवा. आणि पाखरं पाण्यावर बसून असतील तर जेवण झालं, पंगत उठली. तिकडे डिझेल जाळायचं नाही. बसलेल्या पाखरांकडे कोणतीच बोट जात नसे. नव्हे, तिकडे कोणी नीट पाहतही नसे.

वास पण असतो बरं. थवा खाली असला तर वर तेलाचा गुळगुळीत तवंग येतो, बाकी पाणी खडबडीत आणि तेवढाच तुकडा इस्त्री केलेला. वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलं की कच्च्या माशाच्या तेलाचा हलका वास. हा वास माझ्या अंगाला असा लागला की घरी आलो की माझी बायको शोभा माझे कपडे दोन दिवस बाहेर वाळत ठेवायची, आणि सासूसमोर म्हणायची, "ऊन दाखवून राह्यली."

घरी यायचो तेही उलट्या मोसमात. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा माझी सुट्टी. सगळं गाव पेरणीला वावरात आणि मी पारावर. लोक म्हणत, "सुधाकर काही कामधंदा नाही करत वाट्टे."

माझा साळा प्रल्हाद अकोल्याचा, त्याचं मोटारपंपांचं दुकान. एकदा डिसेंबरात समुद्र पाहायचा म्हणून तो माझ्याकडे आला आणि हट्टाने बोटीवर चढला. बंदर सुटल्यापासून तो आडवा. लिंबू झालं, आल्याचा तुकडा झाला, काही उतार नाही. दुपारी पाणी आरशासारखं झालं तेव्हा कुठं उठून बसला. चहूकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "भाऊजी, इतलं पानी फुकटच पडून राह्यलं इथं. एक दहाची मोटर बसवली तं कुठंलोक जाईन."

"खारं आहे बाबू."

"मंग काय कामाचं," म्हणाला आणि परत आडवा झाला. आजही कुठल्या लग्नात भेटला की सगळ्यांना सांगतो, मी समुद्र पाहून आलो, पाणी खराब आहे.

आता खरी गोष्ट. हिच्यासाठीच लिहायला बसलो आणि तिच्याभोवतीच इतका वेळ घिरट्या घालतो आहे.

गुणाजीकाकांचा धाकटा भाऊ बाबी. दोघांत वयाचं अंतर इतकं की काकांनी त्याला खांद्यावर बसवून वाढवलेलं. बाबीला मोठ्या बोटीवर दहा माणसांत राहणं आवडायचं नाही. त्याची स्वतःची छोटी फायबरची होडी होती, मागे लहान इंजिन लावलेलं, निळ्या रंगाची. रंग उन्हाने इतका उतरलेला की पाण्यात ठेवली की दिसायची नाही. तो एकटा जायचा, गळाने सुरमई मारायचा, गाणं म्हणत परत यायचा. थंडीचे दिवस होते. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो त्या दिवसांत, आणि त्या आठवड्यात तो जरा जास्तच होता. बाबी पहाटे गेला आणि संध्याकाळी आला नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरातली एकही बोट मासेमारीला गेली नाही. सगळ्या शोधायला गेल्या. सरकारी यंत्रणेलाही कळवलं होतं, त्यांचं जहाजही फिरत होतं. त्याचा मोबाइल लागत नव्हता, तिथं तसाही लागत नाही. संध्याकाळी सगळे हात हलवत परत आले. बाबीची बायको धक्क्यावर उभी होती. तिने कोणालाच काही विचारलं नाही, प्रत्येक बोट लागली की नुसती वाकून आत पाहायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. बोटींनी समुद्र वाटून घेतला होता, पट्टे पाडून, आम्हाला उत्तरेकडचा पट्टा. काका चाकावर. मी पिंजऱ्यात, गळ्यात दुर्बीण. वारा पडला होता. असं मऊ, दुधट ऊन होतं की आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं लागतं ते कळत नव्हतं. बोट चालली आहे की आपण झोपेत आहोत आणि चालल्याचं स्वप्न पडत आहे, असं वाटायचं. मी गालावर चापट्या मारून घेत होतो.

सकाळीच आम्हाला तारली लागली. आयुष्यात पाहिला नाही एवढा थवा. पाणी नुसतं उकळत होतं, वरून शेकडो पाखरं पडत होती, सगळीकडे चांदी. असा मासा दिसला की बोटीवर जो गलका होतो, तो मला माहीत होता. त्या दिवशी कोणी हूं की चूं केलं नाही. कोणी जाळ्याकडे पाहिलं नाही. काकांनी चाक जराही वळवलं नाही, आम्ही सरळ त्या थव्याच्या मधून गेलो. दोन्ही बाजूंना मासे उड्या मारत होते, काही डेकवर येऊन पडले. आमच्या एका खलाशाने ते उचलून एकेक करून पाण्यात सोडले. का सोडले, त्याला विचारलं नाही. मलाही तेच करावंसं वाटलं असतं.

पुढे फेसाची रेघ लागली. दोन प्रवाह एकमेकांना घासतात तिथं पाण्यावर फेसाची लांबच लांब रेघ तयार होते आणि समुद्रावर तरंगणारं जे काही असतं ते हळूहळू येऊन तिला लागतं. नारळाच्या करवंट्या, चपला, बाटल्या, झावळ्या. काकांनी खालून विचारलं, "काय दिसता?" मी म्हटलं, "रेघ आहे." ते म्हणाले, "तिका धर." आम्ही रेघ धरून चाललो. चालता चालता दुपार झाली.

आणि मला पाखरं दिसली. दूर, रेघेच्या टोकाला. पांढरी, दहा-बारा असतील. बसलेली.

बसलेली पाखरं म्हणजे उठलेली पंगत. डोळे सवयीने पुढे सरकले. सगळ्या बोटींवरच्या माणसांचे डोळे दोन दिवस असेच पुढे सरकले असतील. पण माझे परत आले. का, ते मला तेव्हा कळलं नाही, काहीतरी टोचत होतं एवढंच. मी दुर्बीण लावली. पाण्यावर बसलेलं पाखरू लाटेवर डुलतं, एक वर तर शेजारचं खाली. ही डुलत नव्हती. सगळी एका ओळीत होती, आणि ओळच्या ओळ एकदम वर जायची, एकदम खाली यायची.

मला वडिलांचा आवाज ऐकू आला म्हटलं तर खोटं वाटेल, पण आला. धरण भरलं की बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याच्या जेमतेम खाली असत. नावेतून दिसत नसत आणि जाळं त्यात अडकून फाटत असे. वडील नाव थांबवायचे, दूरचं पाखरू पाहायचे आणि मला म्हणायचे, "पाह्य नीट. डुलत असन तं पानी हाये. उभं असन तं खाली खुट हाये. तिकडं जायं नको टाकू."

या पाखरांच्या खाली खुंट होता. ती कशावर तरी उभी होती.

मी ओरडलो, "काका, पाखरं," आणि सरळ बोट दाखवलं. तळहात नाही, बोट. कोणी मला थांबवलं नाही. मी हात तसाच ताणून धरला, कारण नजर हलली तर ते टोक पुन्हा सापडणार नव्हतं. काकांनी बोट वळवली. मी वरून सांगितलं की पाखरं कशावर तरी बसली आहेत, होडीसारखं लांबट आहे, पाण्याच्या अगदी सपाटीला. खाली सगळे नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, धावले.

काका धावले नाहीत. त्यांनी चाकावरूनच मला विचारलं, "बसली आसत?"

"हो."

"एक पण उडणा नाय?"

"नाही काका."

आम्हा दोघांनाच कळलं होतं. पाखरं बसली आहेत म्हणजे खाली होडी आहे. आणि पाखरं निवांत बसली आहेत म्हणजे होडीत काही हलत नाही. हलणाऱ्या माणसाच्या हाताशी पाखरू बसत नाही. नाळेवरची पोरं आनंदाने ओरडत होती, बाबीचं नाव घेत होती, आणि मला वाटत होतं की ही बोट अशीच चालत राहावी, पोचूच नये. इतका मी आयुष्यात दुसऱ्यांदा घाबरलो नाही. हात आखडून आला होता, खाली घ्यायची हिंमत होत नव्हती.

बोट पुढे जात होती आणि पाखरं बसून होती. वर, खाली. वर, खाली. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, उडा. उडा ना लेकहो. आयुष्यभर उडणारं पाखरू बसलं की माझा जीव खट्टू व्हायचा तो माशासाठी. त्या दिवशी कशासाठी होत होता ते माझं मला माहीत.

आमचं अंतर अजून बरंच होतं. भोंगा वाजवला नव्हता, आमच्या इंजिनाला पाखरं उठावीत इतके आम्ही जवळ नव्हतो. आणि ओळीच्या मधलं एक पाखरू उडालं. मग शेजारचं. मग सगळीच्या सगळी एकदम फडफडून वर गेली, आणि जिथं ती बसली होती तिथं पाण्यातून एक काळी काडी वर आली. वल्ह्याचं टोक.

"उडाली," मी म्हटलं. परत म्हटलं, "काका, उडाली."

होडी अर्धी पाण्याने भरलेली होती. बाबी ताडपत्री अंगावर घेऊन तळाशी पडला होता, ओठ फुटलेले, डोळे सुजलेले. इंजिन पहिल्याच दिवशी बंद पडलं होतं. आमच्या इंजिनाचा आवाज कानावर आला तेव्हा त्याने उरलेला सगळा जोर काढून वल्हं उभं केलं होतं. आम्ही होडीला बोट लावली तेव्हा मी पिंजऱ्यातून उतरून खाली वाकून पाहिलं, होडीच्या सावलीत हजारो बारीक मासे गोळा झाले होते, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. समुद्रावर कशाचीही सावली पडली की लहान मासा तिच्याखाली जमतो, आणि म्हणून पाखरंही तिथं जमतात. बाबीने गळ टाकून तेच मासे काढले होते आणि कच्चे चावून त्यांचा ओलावा गिळला होता. त्याच्यावर जगला.

काकांनी त्याला काखेत धरून वर घेतलं. पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "मेल्या, इंजिन बघून जावक काय झालेला तुका?" आणि मग खाली बसून लहान पोरासारखे रडले. मला वाटतं त्या दिवशी बोटीवर न रडलेला माणूस एकच, बाबी. त्याच्यात रडण्याइतकं पाणीच नव्हतं.

बरा झाल्यावर त्याने मला सांगितलं की पहिल्या दिवशी त्याने त्या पाखरांना हाकलून हाकलून जीव दमवला. "मगे म्हटलंय, बसूंदेत. सोबत तरी."

नंतर बोटींवर मासा शोधणाऱ्या यंत्रांचे पडदे आले, त्यावर खालचा मासा लाल-पिवळा दिसतो. पिंजऱ्यात चढायला कोणी तयार होत नाही, चढायची गरजही नाही. दिवे लावून मासा बोलावतात. तारली काही वर्षं येते, काही वर्षं नाहीच. मी कोणाला दोष देत नाही, पडदा मलाही मिळाला असता तर मीही तोच पाहिला असता. पण पडद्यात पाखरं दिसत नाहीत, हे मला लागतं. गुणाजीकाका चार-पाच वर्षांपूर्वी गेले. बाबी आहे, दिवाळीला फोन करतो. तब्येत, पोरं, बाजारभाव सगळं झालं की शेवटी विचारतो, "पाखरां उडवतंस मां अजून?"

त्याचं असं आहे. महिन्यातून दोनदा मी आणि शोभा स्कूटरवर धरणावर जातो. थर्मासमध्ये चहा असतो. संध्याकाळी पाणी शांत होतं, पलीकडचा काठ धुरकट होत जातो आणि मधोमध, जिथं वडिलांच्या वेळची गावं होती तिथं, पाण्यावर पांढरी पाखरं उभी असतात. खाली बाभळी आहेत हे मला माहीत आहे. कोणाची होडी नाही, कोणी हरवलेलं नाही. तरी ती एका ओळीत बसलेली दिसली की माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. मी उठतो, काठापर्यंत जातो आणि टाळ्या वाजवतो.

शोभा म्हणते, "काहून उडवून राह्यले जी त्याईले? बसले तं बसू द्या ना." इतक्या वर्षांत तिला ही गोष्ट मी कितीदा सांगितली, तरी म्हणतेच.

मागच्या खेपेला पाखरं लांब होती. मी टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या, काही उपयोग नाही. ऊन उतरत चाललं होतं. मी तसाच उभा राहिलो, मला तिथून हलवेना. मग मागून शोभा आली. तिने चपला काढून हातात घेतल्या, एकावर एक जोरात आपटल्या आणि शेतातली पाखरं हाकलतात तशी लांब हाळी दिली. पाण्यावरून ती हाळी गेली. एक उडालं, मग दुसरं, मग सगळीच.

"उडाले," ती म्हणाली. "चला आता, चहा घ्या."